संदेश उकलणाऱ्या कृत्रिम चेतापेशी आणि विजेचा हिशेब

प्रश्न : मी तंत्रनिकेतनात दूरसंचार हा विषय शिकवतो. मेंदूच्या धर्तीवर चालणाऱ्या न्यूरल नेटवर्कने बिनतारी संदेश उकलल्यास विजेची मोठी बचत होते, असे अलीकडे वाचनात आले. ही बचत नेमकी कुठे होते? मोबाइलमधील संदेश उकलणारे आजचे डिकोडर अपुरे पडतात काय?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्या प्रश्नाचा उत्तरार्ध आधी घेऊ. आजचे डिकोडर अपुरे मुळीच नाहीत. वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून संदेशाला काही जादा बिटे जोडतात; ती जोडण्याची रीत म्हणजे कोड. फाइव्ह-जीमध्ये डेटासाठी एलडीपीसी आणि नियंत्रणाच्या संदेशांसाठी पोलर कोड वापरतात. पहिला रॉबर्ट गॅलेगर यांनी १९६० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतल्या आपल्या प्रबंधात मांडला, दुसरा तुर्कस्तानच्या एर्दाल आरिकान यांनी २००९ मध्ये. आणि गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दाखवून दिलेल्या, बिनचूक संदेशवहनाच्या कमाल क्षमतेच्या अगदी जवळ हे दोन्ही जाऊ शकतात. त्यामुळे अचूकतेत फारसे कमावण्यासारखे उरलेले नाही. आता चुरस आहे ती एक बिट उकलायला किती ऊर्जा खर्ची पडते याची. एलडीपीसी डिकोडरमध्ये प्रत्येक बिटाविषयीचा अंदाज आणि पॅरिटीची समीकरणे (बिटांचा आपसांतला मेळ तपासणाऱ्या अटी) यांच्यात अनेक फेऱ्यांची देवाणघेवाण चालते आणि प्रत्येक फेरीत मेमरीतून वाचणे व तीत लिहिणे आलेच.

नेहमीच्या न्यूरल नेटवर्कमध्ये प्रत्येक पेशी प्रत्येक वेळी सगळ्या आकड्यांचा गुणाकार करत बसते. आपण वाचलेल्या, मेंदूच्या धर्तीवरच्या म्हणजे स्पाइकिंग न्यूरल नेटवर्कमधील पेशी मात्र गळक्या माठासारखी वागते : येणाऱ्या स्पंदांनी (क्षणिक झटक्यांनी) तिची पातळी चढते, मधल्या वेळात ती झिरपून उतरते, आणि ठरलेली रेघ ओलांडली की पेशी स्वतः एक स्पंद पुढे पाठवून रिकामी होते. ही कल्पना लुई लापिक या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये मांडलेल्या प्रतिमानातून आली आहे. स्पंद एक तर असतो किंवा नसतो, म्हणून गुणाकाराची गरज उरत नाही, नुसती बेरीज पुरते. आणि स्पंद आलाच नाही तर कामही नाही.

स्टॅनफर्डच्या मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये मांडलेले ४५ नॅनोमीटर चिपचे आकडे या विषयावरच्या लेखांत हमखास दिलेले असतात. त्यांनुसार ३२ बिटांच्या दशांश संख्यांच्या एका गुणाकाराला ३.७ पिकोज्यूल (पिकोज्यूल म्हणजे ज्यूलचा एक लाख कोटीवा भाग), तर बेरजेला ०.९ पिकोज्यूल ऊर्जा लागते. बचतीचा दावा बहुधा याच फरकावर उभा असतो, आणि माझ्या मते तिथेच तो कच्चा आहे. मोबाइलमधला डिकोडर ३२ बिटांच्या दशांश संख्या वापरतच नाही. तो मोजक्या बिटांच्या पूर्णांकांवर चालतो, आणि होरोविट्झ यांच्याच तक्त्यात ८ बिटांच्या पूर्णांक गुणाकाराची किंमत अवघी ०.२ पिकोज्यूल आहे. त्याच तक्त्यावरून हिशेब केला तर चिपबाहेरच्या मेमरीतून ३२ बिट वाचायला सुमारे ६४० पिकोज्यूल लागतात, हे पाहिले म्हणजे गुणाकार वाचवल्याचा आनंद किती मानायचा ते आपणच ठरवा.

खरी बचत दोन गोष्टींतून होते : वजने (पेशींमधल्या जोडण्यांची ताकद सांगणारे आकडे) पेशीच्या शेजारीच साठवण्यातून, आणि स्पंद विरळ ठेवण्यातून. २०१४ मध्ये आलेल्या आयबीएमच्या ट्रूनॉर्थ चिपमध्ये दहा लाख कृत्रिम चेतापेशी होत्या आणि ती सुमारे ७० मिलिवॅटवर चालत असे. इंटेलची लोइही चिपही याच पद्धतीची. तेच नेटवर्क साध्या ग्राफिक्स कार्डावर चालवले तर या बचतीतले जवळजवळ काहीच हाती लागत नाही. जर्मनीतील कार्लस्रूअ तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी एलडीपीसीमधल्या देवाणघेवाणीलाच स्पंदांचे रूप देऊन पाहिले आहे, आणि एलडीपीसीची घडण तशी पेशींच्या जाळ्यासारखीच असल्याने हा मार्ग मला जास्त आशादायक वाटतो. अडचण वेळेची आहे. एखादी संख्या स्पंदांत मांडायची तर अनेक टप्पे लागतात, आणि फोर-जीमध्ये, जिथे येण्याजाण्याच्या लहरी वेगळ्या असतात तिथे, मिळालेल्या डेटाची पोच चार मिलिसेकंदांनी द्यावीच लागते. टप्पे वाढवले की उशीर वाढतो, आणि विजेची बचतही त्याच प्रमाणात आटते.

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेत जमिनीतील ओल मोजणारे लोरा (कमी विजेत लांबवर संदेश पाठवणारी रेडिओ पद्धत) सेन्सर आणि ठिबकचे दूरनियंत्रित व्हॉल्व्ह आहेत. या तंत्राने त्यांच्या बॅटरीचे आयुष्य वाढेल का?
(एक बागाईतदार, निफाड)

उत्तर : सेन्सरचे फारसे वाढणार नाही. ओल मोजणारा सेन्सर बहुतेक वेळ झोपलेला असतो, अधूनमधून माहिती पाठवतो आणि पाठवून झाल्यावर एक व दोन सेकंदांनी अगदी थोडा वेळ ऐकतो. त्याची बॅटरी खाल्ली जाते ती प्रक्षेपणात, उकल करण्यात नव्हे. तिथे गेटवेचा (सेन्सरचे संदेश गोळा करणाऱ्या यंत्राचा) अँटेना उंचावर नेऊन स्प्रेडिंग फॅक्टर (संदेश किती संथपणे पाठवायचा ते ठरवणारा आकडा) कमी करता आला तर अधिक फायदा आहे, कारण हा फॅक्टर एका पायरीने वाढला की संदेश हवेत राहण्याचा काळ जवळजवळ दुप्पट होतो.

व्हॉल्व्हचे मात्र निराळे आहे. हुकूम येताच उघडायचे तर त्याला सतत ऐकत राहावे लागते. नुसत्या ऐकण्याला १० मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला २४० मिलिअँपिअर-तास होतात, म्हणजे २,४०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी दहा दिवसांत संपते. म्हणूनच असे व्हॉल्व्ह बहुधा सौरपट्टीवर चालवतात किंवा ठरावीक वेळीच जागे करतात. बहुतेक वेळ शांतता आणि क्वचित एखादा हुकूम, ही परिस्थिती स्पंदांवर चालणाऱ्या ग्राहकयंत्राला सर्वांत मानवणारी आहे. आपल्या हुकुमाची खूण ओळखेपर्यंत मुख्य रेडिओ झोपलेलाच ठेवणाऱ्या जाग-ग्राहकांवर संशोधन चालू आहे; तोवर व्हॉल्व्हला दर काही मिनिटांनी क्षणभर जागे करण्याची सोय आपल्या विक्रेत्याकडे असेल तर ती जरूर सुरू करून घ्यावी.