पिस्तूल निवडताना हातात घेऊन नेमकं काय पाहावं?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा: पांढरकवड्याजवळच्या खेड्यात राहता, स्वसंरक्षणासाठी पिस्तुलाचा परवाना मंजूर झाला आहे, दुकानदारानं .32 बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास) मोठ्या आकाराचं, पॉलिमरच्या म्हणजे कडक प्लास्टिकच्या बॉडीचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल दाखवलं. हातात धरल्यावर बोटाचं टोक कसंबसं चापाला लागतं, पण दुकानदार म्हणतो सवय होईल. ते घ्यावं का, 9 मिमी जास्त चांगलं नाही का, आणि रात्री जागलीला, म्हणजे वावरात पीक राखताना, त्याचा उपयोग होईल का.

भाऊ, मी पोलीस दलात सव्वीस वर्षं आर्मोरर होतो. त्यातली बरीच वर्षं गडचिरोली आणि यवतमाळ जिल्ह्यांत गेली. हत्यारं उघडायची, साफ करायची, दुरुस्त करायची आणि रेंजवर नेऊन तपासायची, हेच काम. आता गावी कास्तकारी करतो, त्यामुळे तुमची जागलही मला माहीत आहे.

आधी जागलीचं. पिस्तूल वावरात नेऊ नका. अंधारात धुऱ्यावरून (बांधावरून) पळणाऱ्या रोह्यावर (नीलगायीवर) किंवा रानडुकरावर .32 ची गोळी नीट लागणार नाही, आणि लागली तर जनावर जखमी होऊन पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, शिरेल. जखमी डुक्कर सकाळी निंदणाऱ्या बायांच्या अंगावर येतं, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. शिवाय 1972 चा वन्यजीव कायदा आहेच. 1959 च्या शस्त्र कायद्यातही पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, आणि संरक्षण किंवा खेळासाठी किमान 20 इंच नळीच्या बिनआट्याच्या, म्हणजे आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा. पिस्तुलाचं काम वेगळं. घरात, दारात, सात-आठ मीटरच्या आत जिवावर बेतलं तर, एवढंच. ते काम डोळ्यांपुढं ठेवूनच पिस्तूल पारखायचं.

9 मिमीचा विषय लवकर संपतो. 9×19, म्हणजे नेहमीचं 9 मिमी, हे काडतूस आपल्याकडं प्रतिबंधित बोअरमध्ये येतं, साध्या नागरी परवान्यावर ते मिळत नाही. ताकदीत ते .32 च्या अडीच-तीन पट आहे हे खरं. पण तुमच्या परवान्यावर .32 आहे, तर तुलना .32 च्या दोन पिस्तुलांमध्येच करा. इंटरनेटवर ग्लॉक 17 आणि सिग पी 320 या परदेशी 9 मिमी पिस्तुलांची वर्णनं वाचून आलेली मुलं मला भेटतात. वर्णनं खोटी नसतात, पण ती दुसऱ्या काडतुसाची असतात. पारखायची पद्धत मात्र तीच, म्हणून सविस्तर लिहितो.

मोठ्या आकाराच्या पिस्तुलाचा फायदा लोक मॅगझिनमध्ये शोधतात. ग्लॉकमध्ये 17 गोळ्या, इशापूरला बनणाऱ्या आमच्या जुन्या 9 मिमी ऑटो पिस्तुलात 13. माझ्या मते खरा फायदा दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे नेम धरायची नळीवरची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातलं अंतर. ग्लॉक 17 मध्ये ते साधारण 165 मिलिमीटर असतं. नेम धरताना माशी 1 मिलिमीटर बाजूला सरकली, तर 10 मीटरवर गोळी 6 सेंटिमीटर चुकते. तेच अंतर खिशातल्या छोट्या पिस्तुलात 110 मिलिमीटर असेल, तर तेवढ्याच चुकीला गोळी 9 सेंटिमीटर जाते. घाबरलेल्या माणसाचा हात मिलिमीटरनं नाही, त्याहून जास्त हलतो. दुसरा फायदा मुठीचा. मोठ्या पिस्तुलाच्या मुठीवर करंगळीसुद्धा बसते, झटका तळहातभर वाटला जातो, आणि दुसरी गोळी पहिलीच्या जवळ जाते. मी पिस्तूल पहिल्या गोळीवरून कधीच पारखलं नाही. पहिली गोळी कुणीही दम धरून लावतो. दुसरी कुठं गेली ते बघायचं.

पण हा फायदा मूठ हातात बसली तरच. दुकानात हे करून बघा. आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड (वरचा सरकता भाग) मागं ओढून धरा, चेंबरमध्ये (नळीच्या मागं गोळी बसते त्या जागेत) डोळ्यानं बघा आणि करंगळीचं टोक घालून चाचपा. दुकानदार रिकामं आहे म्हणाला तरी. मग उजव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी मुठीच्या मागच्या बाजूला जितकी वर जाईल तितकी वर चढवा. आता नळी आणि तुमचा हात कोपरापर्यंत एका रेषेत आला पाहिजे. तर्जनीचं पहिलं पेर, नखामागचा मऊ भाग, चापाच्या मधोमध सपाट टेकला पाहिजे. नुसतं टोक लागत असेल तर चाप ओढताना तुम्ही पिस्तूल डावीकडं ढकलाल, आणि उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या डावीकडं जात राहतील. डोळे मिटून पिस्तूल भिंतीवरच्या एखाद्या खुणेकडं उचला आणि डोळे उघडा. माशी खाचेत दिसली तर मूठ तुमची. वर किंवा खाली दिसली तर ती दुसऱ्या कुणाच्या हाताची आहे.

मी हे एवढं लांबवतो आहे, कारण रेंजवर मी नेम चुकणाऱ्या शिपायांना वर्षानुवर्षं शिव्या खाताना बघितलं आणि अर्ध्याहून जास्त वेळा चूक मुठीची होती. एका जवानाचे हात लहान होते, गोळ्या कायम टार्गेटच्या डाव्या खांद्यावर. त्याला एका दुपारी अरुंद मुठीचं पिस्तूल दिलं. काडतूस तेच, अंतर तेच. दहापैकी आठ गोळ्या मधल्या चौकोनात. पोरगं टार्गेटजवळ उभं राहून प्रत्येक भोकावर बोट ठेवून मोजत होतं.

चापाचं दुकानातच कळतं. रिकामं पिस्तूल असल्याची पुन्हा खात्री करून, दुकानदाराला विचारून, डमी (बिनदारूचं) काडतूस घालून चाप ओढा. सुरुवातीला थोडी ढिलाई, मग एक भिंत लागल्यासारखी, मग सुटतो. तो सुटण्याचा क्षण प्रत्येक वेळी एकाच जागी यायला हवा. माशीवर एक रुपयाचं नाणं ठेवून ओढा. नाणं पडलं तर दोष तुमचा की चापाचा, हे दहा वेळा केल्यावर लक्षात येतं. घोडा बाहेर असलेल्या डबल ॲक्शन पिस्तुलात पहिली ओढ लांब आणि जड, नंतरच्या हलक्या असतात. स्ट्रायकरवाल्यात, म्हणजे बाहेर घोडा नसलेल्या आणि आतली पिन स्प्रिंगनं सुटणाऱ्या पिस्तुलात, सगळ्या सारख्या. नवशिक्यासाठी मला सारखी ओढ बरी वाटते, पण त्यातल्या बऱ्याच पिस्तुलांना अंगठ्यानं लावायचा वेगळा सेफ्टी कॅच नसतो. घरात लेकरं असतील तर हा मुद्दा हलका धरू नका.

स्लाइड घामेजल्या हातानं ओढून बघा. आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या पुढं जातो, तेव्हा एसीच्या दुकानातला कोरडा हात हा काही हात नव्हे. .32 ची बरीच पिस्तुलं ब्लोबॅक पद्धतीची असतात, म्हणजे नळी आणि स्लाइड कुलुपासारखी अडकत नाहीत, फक्त स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर मागचा दाब पेलतो. त्यामुळे स्प्रिंग कडक लागते. घरात आणखी कुणाचं नाव परवान्यावर असेल तर त्यांनाही ओढायला लावा.

भरवसा मात्र दुकानात कळत नाही, तो रेंजवरच कळतो. आमच्याकडं नवीन हत्यार आलं की 200 गोळ्या न अडकता चालल्याशिवाय मी ते पास करत नसे. तुमच्याकडं काडतुसं महाग, आणि वर्षाला किती घ्यायची तो आकडाही परवान्यावर बांधलेला. निदान 50 तरी परवानगी असलेल्या रेंजवर, जी काडतुसं तुम्ही पुढं वापरणार आहात त्याच मेकची चालवा. वावरात एकही नाही. प्रत्येक मॅगझिनवर पांढऱ्या रंगानं आकडा टाका, आणि अडकलं की कितव्या गोळीला, कोणत्या मॅगझिनला, पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) उभी अडकली की पुढची गोळी वर चढली नाही, हे वहीत लिहा. माझ्या अनुभवात अडकणाऱ्या पिस्तुलांत दोषी बहुतेक वेळा मॅगझिन निघालं. मॅगझिन खाली पडलं की त्याची वरची ओठाळी, म्हणजे गोळी धरणारी कड, वाकते, डोळ्याला दिसतही नाही. मॅगझिन बदलल्यावर दोष गेला तर पिस्तूल निर्दोष. दोन वेगळ्या मॅगझिनला तोच दोष आला तर परत करा.

आणि पुंगळ्या गोळा करा. कुणी करत नाही, पण मी नेहमी करायचो. वीसेक रिकाम्या पुंगळ्या पोत्यावर रांगेत, बूड वर करून लावायच्या आणि भिंगातून प्रायमरवरचा, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीवरचा, खड्डा बघायचा. सगळे खड्डे मध्यावर आणि सारख्या खोलीचे असले तर पिन आणि स्प्रिंग ठीक. एखादा उथळ दिसला तर पुढं कधीतरी चाप ओढल्यावर नुसता टक् आवाज येणार आहे. पुंगळीच्या अंगावर लांब ओरखडा किंवा पोटाला फुगवटा दिसला तर चेंबर आर्मोररला दाखवा.

खाली पडल्यावर पिस्तूल आपोआप सुटू नये, हे बनवणाऱ्याला लेखी विचारा. नवं आणि नावाजलेलं म्हणून गृहीत धरू नका. सिग पी 320 अमेरिकी सैन्यानं 2017 मध्ये निवडलं, आणि त्याच वर्षी पडण्याच्या प्रश्नावरून कंपनीला ग्राहकांच्या पिस्तुलांत ऐच्छिक दुरुस्ती जाहीर करावी लागली. मोठ्या नावालाही तपासणी चुकत नाही.

आपल्या मातीबद्दल एक सांगतो. काळ्या मातीची धूळ पिठासारखी असते, आणि दिवाळीनंतर जिनिंगजवळच्या गावांत कापसाचे तंतू हवेत असतात. तेल जास्त लावलं की हे सगळं चिकटून चिखल होतो. नळीतून चिंदी ओढून कोरडी करा, स्लाइडच्या खाचांना बोटाला लागेल एवढंच तेल. काडतुसांना तेलाचा हात लावू नका, प्रायमरमध्ये शिरलं तर गोळी वाया. पावसाळ्यात चामड्याच्या कव्हरात ठेवून देऊ नका, ओल धरते आणि गंज आतून सुरू होतो. निवडणुकीच्या वेळी ठाण्यात जमा करायची पाळी आली तर साफ करूनच द्या, पावतीवर नंबर बघून घ्या, आणि परत आल्यावर सगळ्यात आधी चेंबर तपासा.

चेंबर तपासण्याचा क्रम मी मघाशी लिहिला तो घोटून घ्या, कारण त्यातली उलटापालट मी जवळून बघितली आहे. एका जवानानं आधी स्लाइड ओढून गोळी बाहेर काढली आणि मग मॅगझिन काढलं. स्लाइड पुढं जाताना मॅगझिनमधली दुसरी गोळी चेंबरमध्ये गेली होती. त्याला वाटलं रिकामं झालं, त्यानं चाप ओढला. नळी वाळूच्या पोत्याकडं होती म्हणून माती उडाली, माणूस वाचला. तो पोरगा बराच वेळ त्या पोत्यातल्या भोकाकडं बघत बसला होता. आधी मॅगझिन, मग स्लाइड. हा क्रम नाही चुकला पाहिजे.

आता तुमचं पिस्तूल. बोटाचं टोकच चापाला लागतं, असं तुम्ही स्वतः लिहिलं आहे. सवयीनं बोट लांब होत नाही. बऱ्याच पॉलिमर पिस्तुलांच्या मुठीची मागची पट्टी बदलता येते. दुकानदाराला सगळ्यात पातळ पट्टी लावायला सांगा आणि वरची डोळे मिटायची परीक्षा पुन्हा करा. पेर सपाट टेकलं तर रेंजच्या 50 गोळ्यांपर्यंत जा. पट्टी बदलत नसेल, किंवा बदलूनही टोकच लागत असेल, तर त्या पिस्तुलाला नाही म्हणा आणि दुसरं दाखवायला सांगा. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा आहे, महिनाभर उशीर झाला तरी बिघडत नाही.