नाकात अळ्या पडल्या, त्या घरून आल्या की वॉर्डात?

प्रश्न : सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. शुद्ध अर्धवट, नाकात अन्नाची नळी. भरती केल्यावर बाराव्या दिवशी नाकातून पांढऱ्या अळ्या पडल्या. वॉर्डात म्हणतात, घरूनच आल्या. खरं काय? टर्पेंटाइन घालावं का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : घरून आल्याची शक्यता फार कमी. आपल्याकडच्या उष्णतेत माशीची अंडी साधारण दिवसभरात फुटतात. अळी पाच-सात दिवस खाते, मग गळून पडते आणि मातीत कोष करते. म्हणजे माशी बसली ती बहुधा वॉर्डातच. खात्री हवी असेल तर दोन-तीन अळ्या कडकडीत गरम पाण्यात मारून ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायला सांगा. थेट अल्कोहोलमध्ये टाकल्या तर त्या आक्रसून काळ्या पडतात. अळीच्या वाढीवरून माशी केव्हा बसली याचा अंदाज येतो. जातही कळते, आणि ती कळणं महत्त्वाचं : काही जातींच्या अळ्या फक्त सडलेलं मांस खातात, क्रायसोमिया बेझियाना या जातीच्या माशीची अळी मात्र जिवंत मांस पोखरत आत जाते.

टर्पेंटाइन तुम्ही घालू नका. बेडसोरसारख्या उघड्या जखमेवर डॉक्टर त्याचा बोळा काही मिनिटं ठेवतात. अळीची श्वासाची छिद्रं मागच्या टोकाला असतात. हवा तुटली की ती वर येते आणि चिमट्यात सापडते. नाकात तोच द्रव घशातून फुप्फुसात उतरू शकतो, आणि सासऱ्यांना धड खोकताही येत नाही. इथे कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीने, सक्शन (द्रव ओढून घेणारं यंत्र) हाताशी ठेवूनच अळ्या काढाव्यात. एका बैठकीत सगळ्या निघत नाहीत, त्यामुळे पुढचे दोन-तीन दिवस पुन्हा तपासायला सांगा. आयव्हरमेक्टिन हे अळ्या मारणारं औषध द्यायचं का, हे डॉक्टर ठरवतील (नेहमीचा डोस किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, ६० किलोला १२ मिलीग्रॅम). पण औषधाने मेलेल्या अळ्याही काढाव्याच लागतात. आत राहिल्या तर तिथेच कुजतात.

या माश्या उजेडात फिरतात. रात्री डासांसाठी लावलेली मच्छरदाणी सकाळी गुंडाळून ठेवतात, नेमकं तेच चुकतं. ती दिवसा लावा. नळीभोवतालची चिकटपट्टी ओली झाली की बदलायला सांगा, तोंड दर पाळीत पुसून घ्या.

प्रश्न : शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला लागण होईल का?

उत्तर : अळीने होत नाही. माशीने मात्र होऊ शकते. तपासणीसाठी ठेवलेल्या सोडून बाकीच्या काढलेल्या अळ्या झाकणाच्या बाटलीत, स्पिरिटमध्ये टाका. कचऱ्याच्या डब्यात गेलेली अळी कोष करून माशी होते.