सात देश कशाला, एक पुरे

प्रश्न : मुलीची बारावी झाली. पर्यावरणशास्त्राच्या पदवीसाठी विद्यापीठात प्रवेशही मिळाला आहे. पण तिला आधी एक वर्ष परदेशात राहायचं आहे. तिचा आराखडा असा : अकरा महिने, सात देश. पाच महिने युरोपात फिरत, शेतांवर काम करून राहण्या-जेवणाची सोय. मग कंबोडियातल्या एका अनाथालयात दोन आठवडे सेवा, आणि उरलेला वेळ भटकंती. पत्नीला हे आवडलं आहे. मला वर्ष वाया जाईल असं वाटतं. करिअरवर परिणाम होईल का?

सप्रेम नमस्कार,

एक वर्ष थांबल्यामुळे करिअर बिघडत नाही. हा आराखडा जसाच्या तसा राबवला तर मात्र वर्ष हातातून निसटेल, आणि युरोपातला बराचसा भाग बेकायदा ठरेल. मूळ कल्पनेबाबत तुमच्या पत्नीचं बरोबर आहे आणि आराखड्याबाबत तुमचं.

तिकिटांच्या आधी विद्यापीठाला पत्र लिहा. बरीच विद्यापीठं मिळालेला प्रवेश वर्षभर पुढे ढकलू देतात, पण आपणहून नाही. मुदतीत अर्ज करून लेखी मंजुरी घ्यावी लागते. शिष्यवृत्ती असेल तर तीही पुढे सरकते का, हे वेगळं विचारा, कारण प्रवेश टिकला आणि शिष्यवृत्ती गेली असं होऊ शकतं. आयईएलटीएससारख्या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षंच ग्राह्य धरतात, तेव्हा तारीख तपासा. प्रवेश हातात नसताना ‘परत आल्यावर बघू’ म्हणत निघणाऱ्या मुलांना मी थांबवतो. परतायची तारीख ठरलेली असेल तरच असं वर्ष निवांतपणे जगता येतं.

आता व्हिसा. पर्यटक व्हिसावर शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, आणि ही मोजणी सगळ्या सदस्य देशांची मिळून होते. फ्रान्समधून इटलीत गेलं म्हणून दिवस पुन्हा एकपासून सुरू होत नाहीत. तेव्हा पाच महिने सलग बसतच नाहीत. शिवाय राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेलं कामही अनेक देशांत कामच समजलं जातं. ‘मी पगार घेत नाही’ हे सांगितल्यावर विमानतळावरचा अधिकारी ऐकेल, या भरवशावर राहू नका.

सरळ मार्ग आहेत. जर्मनीत 27 वर्षांखालच्या तरुणांसाठी स्वयंसेवेचं वर्ष असतं, साधारण बारा महिन्यांचं. रुग्णालय, वृद्धाश्रम, पर्यावरण संस्था अशा ठिकाणी काम आणि हातखर्चाला पैसे. परदेशी उमेदवारही घेतात, पण काम चालेल इतकं जर्मन आधी शिकावं लागतं. तुमच्या मुलीचा विषय पाहता मी इथूनच सुरुवात करेन. ओ पेअर म्हणजे एखाद्या कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळणं, हा दुसरा पर्याय. काहींना तो फार मानवतो. लहान मुलांचा कंटाळा येणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये. करार लेखी हवा, कामाचे तास त्यात लिहिलेले हवेत. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांचा वर्किंग हॉलिडे व्हिसा, म्हणजे फिरता फिरता काम करू देणारा व्हिसा, देशादेशांतल्या करारांवर चालतो, म्हणून आपल्या पासपोर्टला तो खुला आहे का आणि वयाची, शिक्षणाची अट काय, हे त्या सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहा. एजंटच्या माहितीपत्रकावर जाऊ नका.

अनाथालयाचा बेत मात्र रद्दच करा. यात मी मधला मार्ग सुचवणार नाही. कंबोडियात पर्यटक वाढले तशी अनाथालयंही वाढली, आणि तिथल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं समोर आलं. पाहुण्यांच्या देणग्यांवर संस्था चालते, म्हणून मुलं घरापासून दूर ठेवली जातात. दर पंधरवड्याला नवी ताई येते, जीव लावते आणि निघून जाते. हे त्या मुलांनी किती वेळा सोसायचं? मुलीचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. तिला हे सगळं सांगा, ती स्वतःच नको म्हणेल. दुसऱ्या कुठल्याही स्वयंसेवी संस्थेलाही एक प्रश्न विचारायचा : मी आले नाही तर हे काम कोण करेल? ‘स्थानिक माणूस, पगार घेऊन’ असं उत्तर आलं तर तिथे जायचं नाही.

माझा खरा आक्षेप सात या आकड्याला आहे. नव्या जागी पहिले दोन-तीन महिने बस, भाषा, माणसांची नावं यातच जातात. रडूही येतं. त्यानंतर कुठे लोक आपल्यावर काम सोपवू लागतात, आणि शिकणं तिथून सुरू होतं. दर सहा आठवड्यांनी देश बदलणारी मुलगी ती सुरुवातच सात वेळा करेल. प्रिन्स्टन विद्यापीठ 2009 पासून आपल्या काही नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाआधी परदेशी पाठवतं : नऊ महिने, एकाच ठिकाणी, स्थानिक कुटुंबात राहून, भाषा शिकत, सेवाकार्य करत. भटकंतीला माझी ना नाही. ती शेवटच्या सहा आठवड्यांत करावी; तोवर एक भाषा येत असेल आणि प्रवासाचा अंदाजही आलेला असेल.

पैशांबाबत थोडक्यात : परतीच्या तिकिटाची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि तिला हात लावू नका. विम्यात रुग्णालयाचा खर्च आणि आजारपणात मायदेशी आणण्याचा खर्च, दोन्ही हवेत. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने असावी.

आणि एक तुमच्यासाठी. ती गेल्यावर रोज फोन करू नका. आठवड्यातून एक दिवस ठरवा. दुसऱ्या महिन्यात ‘मला परत यायचंय’ असा फोन बहुधा येईल. त्रास होतोय की करमत नाहीये, एवढं नीट विचारा. कुणी त्रास देत असेल, पासपोर्ट काढून घेतला असेल, तर त्याच दिवशी तिकीट काढा. करमत नसेल तर तीन आठवडे थांबायला सांगा.

सध्या तिला एवढंच करू द्या : एक देश, एक काम, लागणाऱ्या व्हिसाचं नाव आणि महिनावार खर्च, सगळं एका कागदावर. तो कागद आणि विद्यापीठाचं उत्तर मला पाठवा. मग पुढचं बोलू.