सीटवरचा थर का तडकतो?

प्रश्न : दिघ्यात आमचं छोटं वर्कशॉप आहे. गेट व्हॉल्व्हच्या सीटवर (झडप जिथे टेकून बंद होते त्या कडेवर) टिग वेल्डिंगने स्टेलाइट ६ या कोबाल्टच्या कडक मिश्रधातूचा थर चढवतो, पण थंड होताना तडे जातात. प्लाझ्मा वेल्डिंगचं मशीन घ्यावं का?

उत्तर : दादा, तडे बहुतेक झटकन थंड झाल्याने जातात, म्हणून मशीनआधी भट्टी बघा. रबाळे एमआयडीसीत मी २२ वर्षं हेच काम करतोय. अजूनही तडा गेल्याचा ‘टिंग’ असा बारीक आवाज आला की पोटात गोळा येतो. सीट ३०० अंशांच्या आसपास सगळीकडून सारखी तापवा. थर चढला की लगेच कोरड्या व्हर्मिक्युलाइटमध्ये (उष्णता धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजाच्या भुशात) पुरून ठेवा, हात लावण्याजोगी होईस्तोवर काढू नका. पंख्याखाली तर मुळीच नको. प्लाझ्माचा फायदा वेगळा : खालचं लोखंड थरात साधारण ५ ते १० टक्केच मिसळतं, म्हणून पहिल्याच थरात ४० एचआरसीच्या (रॉकवेल या कडकपणाच्या मापाच्या) जवळ कडकपणा मिळतो. प्लाझ्मात थरासाठी लागणारी धातूची पावडर मात्र पावसाळ्यात ओव्हनमध्ये सुकवूनच भरा.