रिव्हर्सल झालं पण संडास आवरत नाही: गोळीच्या वेळेची माझी चार महिन्यांची चूक

ताई, तुमची पोस्ट सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यातून गेली नाही. रेक्टमच्या (गुदाशयाच्या) कॅन्सरचं ऑपरेशन, मग पोटावर संडासची पिशवी, पाच आठवड्यांपूर्वी रिव्हर्सल, म्हणजे पिशवी काढून संडास पुन्हा नेहमीच्या वाटेने, आणि आता दिवसातून १४-१५ वेळा जावं लागतंय, रात्रीची झोप नाही, आग होतेय, आणि जूनच्या शेवटी कामठीची शाळा उघडली की वर्गावर उभं कसं राहायचं हा घोर. शेवटी तुम्ही लिहिलंय, 'पिशवीच बरी होती'. हेच वाक्य मी नोव्हेंबर २०२१ मध्ये रात्री अडीच वाजता बाथरूमच्या दाराला टेकून बायकोला बोललो होतो. म्हणून लिहायला बसलो.

मी डॉक्टर नाही, नागपुरातला एक पेशंट आहे. आतड्याचा जोड किती खाली आहे, रेडिएशन झालंय की नाही, यावर प्रत्येकाचं वेगळं असतं, तेव्हा माझं जसंच्या तसं उचलू नका. जखमेची काळजी, औषधं वेळेवर वगैरे तुम्हाला माहीत असेलच, त्यात जात नाही.

याला नाव आहे हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. लार्स म्हणतात, लो अँटीरियर रिसेक्शन सिंड्रोम. रेक्टम म्हणजे साठवायची जागा, साधारण १२ ते १५ सेंटीमीटर. ती काढून वरचं आतडं खाली जोडतात, त्याला साठवून ठेवणं जमत नाही, आलं की पुढे ढकलतं. शिवाय तिथल्या मज्जातंतूंना थोडाफार धक्का बसलेला असतो, रेडिएशनवाल्यांना त्रास जास्त. म्हणून थोडंथोडं होतं, तासाभरात पुन्हा, आलं की रोखता येत नाही, गॅस आहे की दुसरं काही हेही कळत नाही. डेन्मार्कच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये यासाठी पाच प्रश्नांचा स्कोअर काढला, ० ते ४२, ३० आणि वर असलं की मेजर, म्हणजे त्रास जास्त. माझा तेव्हा ३६ होता, आज २४ आहे. नाव कळल्याने फेऱ्या कमी होत नाहीत, पण 'मीच काहीतरी चुकीचं खाल्लं' असं रोज वाटायचं ते थांबलं.

आता माझी चूक.

डिस्चार्जच्या कागदावर लोपेरामाइड २ एमजी, म्हणजे जुलाब थांबवायची गोळी, लिहिलं होतं आणि पुढे 'एसओएस', बस एवढंच. एसओएस म्हणजे गरज पडली तर. मी काय समजलो, की जुलाब झाले की घ्यायची. म्हणजे सकाळी चहा-पोळी खायची, सहा वेळा धावायचं, आणि मग गोळी. तोवर आतडं रिकामं झालेलं, गोळी लागू पडायची तेव्हा थांबवायला काही उरलेलंच नसायचं, दुपारभर शांत, मला वाटायचं आज जमलं, आणि रात्री जेवलो की पुन्हा तेच. पुन्हा गोळी. जानेवारीत वर्धेला पुतण्याचं लग्न होतं, त्या दिवशी भीतीपोटी किती गोळ्या घेतल्या मोजलंच नाही. लग्न पार पडलं. पुढचे दोन दिवस काहीच नाही, पोट टम्म, मुरडा येऊन राहिले, मग घाबरून पोट साफ व्हायचं चूर्ण घेतलं आणि तिसऱ्या दिवशी पहाटे ४ पासून जे सुरू झालं ते सकाळी ११ पर्यंत मी बाथरूमबाहेर आलोच नाही. बायको बाहेर स्टूल टाकून बसली होती आणि दाराच्या फटीतून ओआरएसचा ग्लास आत देत होती. तिचा फक्त हात दिसायचा, बांगड्यांवर साखर-मिठाचे थेंब वाळलेले. तो हात मला अजून आठवतो.

असे चार महिने गेले. आज सगळं बंद, उद्या सगळं मोकळं. वजन ९ किलो उतरलं. (गोळ्या मनाने वाढवू नका, जास्त डोसचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो हे मला फार नंतर कळलं.)

या काळात ओपीडीत तीनदा गेलो. डॉक्टरांचं नाव घेत नाही, घ्यायचंही नाही, ऑपरेशन त्यांनीच केलं, जीव त्यांनी वाचवला, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण सकाळी ८ ला पर्ची काढायची, १२ ला नंबर लागायचा, तेही दर वीस मिनिटांनी संडास शोधत, आणि आत गेलं की शर्ट वर करून पिशवीच्या जागेचे टाके बघायचे, 'छान भरलंय, टाइम लगेगा काका', पुढचा पेशंट. तिसऱ्या वेळी मी वही घेऊन गेलो होतो, रोज किती वेळा, काय खाल्लं, गोळी किती वाजता, सगळं मुलीने रकाने आखून दिलेलं. उघडलीसुद्धा नाही. उघडली असती तर पहिल्याच पानावर दिसलं असतं की हा माणूस गोळी उलट्या वेळेला घेऊन राहिला आहे. एक प्रश्न, 'गोळी कधी घेता?', बस तेवढा कोणी विचारला असता तर माझे चार महिने वाचले असते. पिशवी निघाली म्हणजे पेशंट बरा आणि फाइल बंद, ही पद्धत मला अजिबात मान्य नाही आणि याचा राग आजही येतो.

तो प्रश्न शेवटी विचारला आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्या पोराने. मार्च महिना, मी पुन्हा स्ट्रिप घ्यायला गेलो, त्याने गोळ्या पाकिटात टाकता टाकता सहज म्हटलं, "काका, जेवणाच्या अर्धा तास आधी घेता न?" मी म्हटलं, नाही, नंतर, झाल्यावर. तो म्हणाला, "मग काय फायदा? पोटाच्या डॉक्टरला विचारा एकदा." दुसऱ्याच दिवशी वेगळ्या गॅस्ट्रोवाल्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी दहा मिनिटांत समजावलं. खाल्लं की आतडी आपोआप हलायला लागतात, सकाळी सगळ्यात जोरात, म्हणून गोळी त्याच्या आधी पोचलेली पाहिजे. मला त्यांनी कमी डोसवर बसवलं, रोज ठरलेल्या वेळी, जेवणाआधी अर्धा तास, तीन दिवस वहीत बघायचं आणि मग त्यांना विचारूनच कमी-जास्त. आठवड्याभरात १४ वरून ८ वर आलो. पहिल्यांदा सलग चार तास झोपलो.

तेव्हा ताई, आज तुमच्या कागदावर गोळीपुढे काय लिहिलंय ते बघा. एसओएस असेल तर फोन करून नाहीतर जाऊन स्पष्ट विचारा: रोज घ्यायची का, कोणत्या जेवणाआधी, दिवसाला जास्तीत जास्त किती, आणि दिवसभर संडास झाली नाही तर दुसऱ्या दिवशी काय करायचं. उत्तर लिहून मागा. ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर गोळी घेऊ नका, आधी दाखवा.

बाकीचं थोडक्यात, सुचेल तसं.

इसबगोल लोक ग्लासभर पाण्यात घेतात, ते बद्धकोष्ठासाठी. मी दोन चमचे दह्यात एक चमचा कालवून जेवणासोबत घ्यायचो, त्याने पातळ घट्ट होतं आणि एका वेळी जास्त निघतं, म्हणजे फेऱ्या कमी. कोरडं तोंडात टाकू नका, घशात अडकतं. आणि तुमचं आतडं अलीकडेच जोडलंय, म्हणून आधी विचारून.

उपाशी राहू नका. मीही बाहेर जायचं असलं की सकाळपासून काही खायचो नाही आणि रात्री दणकून जेवायचो, रात्र बरबाद. थोडं थोडं पाच वेळा खा, शेवटचं संध्याकाळी ७ च्या आत. मऊ भात, दही, केळ, उकडलेला बटाटा, साबुदाणा मला मानवलं. दूध, गरम कडक चहा, हरभरा, तिखट यांनी हाल केले. गोळा भात आणि सावजी तर सध्या विसरा. संत्र्यापायी जीव तुटतो न, पण साली आणि चोथा नको. तर्री पोहे मी दीड वर्षांनी खाल्ले, घरी, वरून अर्धा चमचा तर्री. शुगर-फ्री गोळ्या-चॉकलेटंही टाळा, त्यातल्या सॉर्बिटॉलने पोट सुटतं.

सध्या मे आहे, आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास. एवढ्या वेळा जाऊन राहिल्यावर नुसतं पाणी पुरत नाही. ओआरएस पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात करा आणि घोट घोट घ्या. लघवी गडद झाली, उभं राहिलं की चक्कर आली तर थांबू नका, सलाईन लागू शकतं.

आगीसाठी माझं ठाम मत, कागदाने पुसणं बंद करा, जेटचा जोराचा फवाराही नको. मगाने कोमट पाणी, मऊ सुती कापडाने टिपायचं, घासायचं नाही, मग झिंक ऑक्साइडचं क्रीम, आणि हे त्वचा सोलायच्या आधीपासून, प्रत्येक वेळी. दिवसातून दोनदा टबात कोमट पाण्यात दहा मिनिटं बसा.

कीगलचे व्यायाम, म्हणजे संडास रोखायचे स्नायू आवळायचे, यूट्यूबवर बघून मी उलटे करत होतो, वर ओढायच्या ऐवजी खाली जोर लावत होतो. पेल्विक फ्लोअरचं (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं) काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या, डॉक्टर हो म्हणाले की लगेच. गोळ्या-व्यायामानेही भागलं नाही तर बायोफीडबॅक आहे (स्नायू नीट आवळतात का ते मशीनवर बघत शिकायचं), गुदमार्गे पाण्याने आतडं धुवायची पद्धतही आहे, पण ते जोड पक्का झाल्याची खात्री झाल्यावर आणि शिकूनच.

पोट फुगलं, उलट्या होऊन राहिल्या आणि गॅसही सरकत नाही, असं झालं तर घरी चूर्ण-बिर्ण काही नाही, सरळ कॅज्युअल्टी. काही महिन्यांनी कुंथावं लागून बारीक पेन्सिलसारखं व्हायला लागलं तर जोड आवळलाय का ते बोटाने किंवा स्कोपीने (कॅमेऱ्याच्या नळीने) तपासायला सांगा.

शाळेचं म्हणाल तर मुख्याध्यापिकाबाईंना आत्ताच सांगा, सगळं नाही सांगितलं तरी चालेल, 'आतड्याचं ऑपरेशन झालंय, अचानक जावं लागतं' एवढं पुरे. संडासाजवळचा वर्ग मागा आणि पहिला तास नको म्हणा. सोबत एक बॅग ठेवा, त्यात पॅड, एक जोड कपडे, छोटी पाण्याची बाटली, क्रीम. माझी बॅग आजही ऑफिसच्या कपाटात आहे, गेल्या वर्षात दोनदाच उघडली.

बहुतेकांचं पहिल्या वर्षात बरंच सुधारतं, काहींना दोन वर्षं लागतात, पूर्वीसारखं अगदी सगळं होतंच असं नाही. मी आता दिवसातून तीनदा जातो, रात्री झोपतो, मेट्रोने कामावर जातो.

उद्यापासून तीन दिवस वही ठेवा, वेळ, जेवण, गोळी, आणि इथेच टाका. कागदावर गोळीपुढे काय लिहिलंय तेही लिहा. रात्री जागे असाल तर तेव्हाच लिहिलं तरी चालेल, मी बघतो.