६ जूनसाठी नॉर्मंडीला निघण्यापूर्वी

तुम्ही दोघांनी ६ जूनच्या स्मृतिदिनासाठी, म्हणजे १९४४ मध्ये दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांचे सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरले त्या दिवसाच्या स्मरणासाठी, उत्तर फ्रान्समधील नॉर्मंडीत गाडीने फिरायचे ठरवले, याचा मनापासून आनंद झाला. सर्वप्रथम मुक्काम पक्का करा. त्या आठवड्यात खोल्या लवकर भरतात, म्हणून बायोसारख्या एकाच गावी राहून तेथूनच फिरावे. नवखे हमखास चुकतात ते पाचही किनारे एका दिवसात उरकण्याच्या हट्टापायी. हे सैन्य उतरले तो पट्टा सुमारे ८० किलोमीटरांचा आहे, शिवाय ६ तारखेला समारंभांमुळे अनेक रस्ते बंद असतात. त्या दिवशी एकच ठिकाण निवडा आणि पहाटेच निघा. किनाऱ्यावरील आरोमांश गावाला मात्र ओहोटीची वेळ पाहूनच जा, कारण शेवाळ चढलेल्या काँक्रीटच्या महाकाय पेट्या, म्हणजे त्या सैन्याने तेथे उभारलेल्या कृत्रिम बंदराचे अवशेष, तेव्हाच वाळूवरून जवळून पाहता येतात. संग्रहालयांची यादी तूर्त बाजूला ठेवा. कोलव्हिलच्या अमेरिकी दफनभूमीसाठी मात्र अर्धा दिवस राखा. तेथे नऊ हजारांहून अधिक कबरी आहेत.