ग्राहक-प्रश्नोत्तरे : दोन किमती, एक कार्ड

प्रश्न : मुलगी इंग्लंडमध्ये लेस्टरला शिकते. तिथल्या टेस्को या सुपरमार्केटमध्ये दुसरीकडच्या स्वस्त दराशी बरोबरी करून फरक बिलातून वजा होतो असं ऐकलं होतं. तिला तसं काही मिळत नाही. शिवाय एकाच वस्तूवर दोन किमती असतात. भरायची कोणती?

उत्तर : ती योजना म्हणजे 'ब्रँड गॅरंटी'. ती २०१८ मध्येच बंद झाली. सध्याच्या 'आल्डी प्राइस मॅच'मध्ये (आल्डी ही स्वस्त दुकानांची साखळी) निवडक वस्तूंची किंमत शेल्फवरच उतरवलेली असते, त्यासाठी कार्ड लागत नाही आणि काउंटरवर काही मागायचंही नसतं. मात्र बरोबरी 'तुल्य', म्हणजे साधारण तशाच मालाशी असते. घटकांचं प्रमाण वेगळं असू शकतं, तेव्हा पाकिटामागची टक्केवारी वाचावी.

दोन किमतींपैकी कमी असलेली क्लबकार्डधारकांसाठी (क्लबकार्ड म्हणजे टेस्कोचं ग्राहक-कार्ड). नोंदणी फुकट आहे. पैसे भरण्याआधी अ‍ॅपमधला कोड स्कॅन करायचा, विसरलं तर पूर्ण किंमत पडते.

सवलत खरी का? ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं की तपासलेल्या कार्ड-सवलतींपैकी ९२ टक्के नेहमीच्या किमतीच्या तुलनेत खऱ्या होत्या. पण दुसऱ्या दुकानात त्याहून स्वस्त मिळू शकतं. म्हणून लेबलवरचा बारीक अक्षरातला किलोचा दर बघावा. समजा, ५०० ग्रॅम कार्डावर दीड पौंडाला आणि किलोचं साधं पाकीट २.६० ला, तर साधंच परवडतं.

कार्डावर जमणारे गुण किरकोळच : खरेदीच्या पौंडाला एक, १५० जमले की दीड पौंडाचं व्हाउचर.